सई आणि सही

रियाधमधल्या एका बँकेत इतरांच्या कागदांतले नियमभंग शोधून काढणे, हे माझे काम आहे. ते मी कागदावर चोख करतो. समोर माणूस बसला की मात्र माझा आवाज निघत नाही.

शहरातल्या अल मलाझ भागात माझे कपडे शिवणारे रत्नागिरीकडचे मामा वीस वर्षे दुकानामागच्या सामाईक खोलीत राहत होते. बायको आणि मुलगी प्रथमच येणार, म्हणून त्यांनी दोन खोल्यांचे घर पाहिले. "साहेब, दलालाकडे माझ्याबरोबर चला. नुसते शेजारी बसा," ते म्हणाले. मी गेलो.

भाडे ठरल्यावर दलालाने एक अरबी कागद पुढे सरकवला आणि त्यावर बोट आपटले. "अब सई, चाचा. सई! यल्ला!"

"सही ना? करतो की!" मामा माझ्याकडे वळले. "ओरडतो बघा कसा, जसा काय मी अंगठाबहाद्दर!" आणि त्यांनी झोकदार सही ठोकली.

सई म्हणजे दलाली. हा अरबी शब्द मी रोज वाचतो. पहिल्या वर्षाच्या भाड्याच्या अडीच टक्के, ही तिची कायदेशीर मर्यादा. त्याहून अधिक घ्यायची तर लेखी संमती लागते. त्या कागदावर पाच टक्के लिहिले होते, आणि मामांनी नुकतीच दिली ती नेमकी तीच संमती होती.

मामांची गल्लत दलालाच्याही ध्यानात आली असावी. तो हसला आणि त्याने माझ्याकडे पाहिले. कागद अजून टेबलावरच होता. "थांबा" एवढा एक शब्द पुरेसा होता. मीही हसलो.

महिन्याभराने पँट सैल करायला दुकानात गेलो. मामी आल्या होत्या. मुलगी आली नव्हती. "घरात शिरतानाच हात रिकामा झाला. तिचे तिकीट आता पुढल्या वर्षी," मामा म्हणाले. तेव्हा मी सारे सांगितले, अडखळत, त्यांच्या मशीनकडे पाहत.

त्यांनी पाय थांबवला. "मी एरवी भाजीवालाही सोडत नाही, साहेब. पण तुम्ही शेजारी होता. म्हटलं, काही वावगं असतं तर तुम्ही बोलला असता."

मी पाकीट काढले. त्यांनी ते पाहून न पाहिल्यासारखे केले आणि टेप उचलली.

"कमरेत किती सोडू, तेवढं सांगा."

मला तेही चटकन सांगता आले नाही.