तिसऱ्या ओळीतलं वळण

नाताळच्या आधीच्या रविवारी आमच्या मराठी चर्चची कॅरल पार्टी घरोघर फिरते. भांडुपपासून सुरुवात, मग नाहूर, मग मुलुंड पश्चिम आणि शेवटी पूर्व. आधी कुणाकडे जायचं, कुणाची लिफ्ट बंद आहे, कुणाच्या दारात कुत्रा आहे, पेटी कुणाच्या गाडीत ठेवायची, हे सगळं मी ठरवते. मला कुणी नेमलेलं नाही. एका वर्षी रिक्षांचा गोंधळ होऊन निम्मे लोक भलत्याच सोसायटीत, भलत्याच माणसांपुढे गाऊन आले. त्यांनी पेढे दिले ते वेगळं, पण तेव्हापासून हे काम माझ्याकडे आलं.

यंदा घरांचा क्रम लावताना माझ्याच घरापाशी अडले. ज्या घरातलं कुणी त्या वर्षी गेलेलं असतं, तिथे पार्टी गात नाही. प्रार्थना करते, चहा घेते आणि निघते. माझा नवरा ऑगस्टमध्ये गेला. सकाळी छातीत दुखतंय म्हणाला आणि दुपारी मी हॉस्पिटलच्या कागदांवर सह्या करत होते.

आमच्या चर्चच्या पाळकबाईंचा फोन आला. "तुमच्याकडे नुसती प्रार्थनाच करायची ना?"

"गाणं म्हणा," मी म्हटलं. "एकच. गव्हाणीचं. पण त्याच्या चालीत."

"त्यांची चाल आमच्यात कुणाला येते?"

"मी पाठवते."

मी हे अगदी सहज बोलून गेले. भाजीची पिशवी पाठवते म्हणावं तसं.

हे गव्हाणीतल्या बाळाचं गाणं आमच्याकडच्या बहुतेक घरांत म्हणतात. शब्द सगळीकडे तेच, चाल मात्र गावागणिक बदलते. आमच्या चर्चमध्ये ते ऑर्गनवर, साहेबी चालीत होतं, सरळ आणि टापटीप. माझं माहेर कोल्हापूरकडचं, तिथे ते संथ म्हणतात, जवळजवळ पाळण्यासारखं. नवरा नगरकडचा. त्यांच्याकडे पेटी, तबला, टाळ आणि ठेका असा की मांडी घालून बसलेला माणूस गुडघ्यावर थापा मारायला लागतो.

लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात मी करंज्या भरताना माझ्या चालीत ते गुणगुणत होते. नवरा दारात येऊन म्हणाला, "हे काय, बाळ जन्मायच्या आधीच झोपवलंस?"

"आणि तुमच्या नगरच्या दंग्यात ते झोपणार कधी?"

"झोपायला आलंय का ते? जगाचं तारण कोण करणार मग?"

मग त्याने त्याची चाल म्हणून दाखवली. पहिल्या दोन ओळी आमच्या दोघांच्या तशा जवळून जातात. तिसऱ्या ओळीला रस्ते फुटतात. तिथे तो 'गव्हाणीत' हा शब्द उचलून इतका लांब फिरवायचा, वर न्यायचा, शेवटी एक उडी मारून खाली आणायचा, की मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातलं सारण सांडेपर्यंत हसले.

त्यानंतर दर डिसेंबरला हे ठरलेलंच. मी माझी चाल सुरू करायची, तिसऱ्या ओळीला त्याने कुठूनही, अगदी बाथरूममधूनसुद्धा, आपलं वळण घुसवायचं. मग मी एक हात कानावर ठेवून, दुसऱ्या हातात झारा उंच धरून, शाहिरासारखी त्याची नक्कल करायची. मुलगी मोठी झाली तशी ओरडायला लागली, "अरे यार, एकदा तरी कुणीतरी गाणं पूर्ण करा."

तर ती चाल मला पाठ होती. रेकॉर्ड करायला मी स्वयंपाकघरात उभी राहिले, फोन डब्याला टेकवला आणि सुरुवात केली. पहिल्या दोन ओळी नीट झाल्या. तिसऱ्या ओळीला माझा हात आपोआप कानावर गेला आणि आवाज तोच, चिडवायचा. पुसून टाकलं. हात मागे बांधून म्हटलं. वळण आलं, पण त्यात तीच टवाळी. हळू म्हटलं, खालच्या पट्टीत म्हटलं, डोळे मिटून म्हटलं. काही केल्या नक्कलच निघत होती.

मुलगी अंधेरीच्या ऑफिसातून नुकतीच आली होती. चपला काढता काढता म्हणाली, "आई, तू बाबांची खेचतेयस."

"खेचत नाहीये. चाल पाठवायचीय."

मी फोन बाजूला ठेवला आणि कुकर लावला. त्याची चाल मला येत होती, पण त्याच्या तोंडची येत नव्हती. मी ती कधी साधी म्हटलीच नव्हती. आणि त्याचं रेकॉर्डिंग कुणी केलं नव्हतं. जे घरात दरवर्षी फुकट ऐकायला मिळतं ते कोण कशाला रेकॉर्ड करतं?

दुसऱ्या दिवशी मी नगरला नणंदेला फोन केला. तिला मी अक्का म्हणते, नवऱ्याहून मोठी. तिने लगेच गाऊन पाठवलं. आवाज थकलेला, पण सूर पक्का. मी ऐकत गेले आणि तिसऱ्या ओळीला थांबले. तिने ती ओळ सरळ खाली उतरवली होती. वळण नव्हतं, उडी नव्हती.

मी पुन्हा फोन लावला. "अक्का, तिसऱ्या ओळीचं ते वळण राहिलं."

"कसलं वळण?"

मी म्हणून दाखवलं. जमेल तेवढं गंभीरपणे.

अक्का हसली. "अगं, असं आमच्याकडं कुणी म्हणत न्हाई. आमच्या वडलांनी टाळ फेकून मारला असता."

"मग तो असं का म्हणायचा?"

"आता ते मला काय म्हाईत? त्यालाच इचार की."

मग अक्का हळूच म्हणाली, "ठेवते गं," आणि ठेवला.

मी ओट्याशी उभी राहून हिशोब जुळवत होते. पहिल्या वर्षी मी हसले. पुढच्या वर्षी बहुतेक वळण थोडं लांबलं. मी झारा धरायला लागले तेव्हा उडी आली असणार. नगरमध्ये ते नव्हतंच. माझ्या हसण्यावर त्याने ते वाढवत नेलं होतं, आणि मी सगळ्यांना सांगत होते की नगरला असं गातात.

अक्काचं रेकॉर्डिंग मी पार्टीला पाठवून दिलं. त्यांना काहीतरी हवंच होतं.

रविवारी दुपारी ते आले. चपला बाहेर जिन्यापर्यंत गेल्या. पेटीवाल्याने मेहनत घेतली होती, तबलाही आणला होता. नवऱ्याच्या फोटोसमोर सगळ्यांनी ते गाणं म्हटलं, ठेक्यात, सुरेख. तिसरी ओळ सरळ खाली उतरली. पाळकबाईंनी पदराने डोळे टिपले. पेटीवाला मला म्हणाला, "जमली ना साहेबांची चाल?"

"छान जमली," मी म्हटलं. त्याने खरंच छान वाजवलं होतं.

चहा, करंज्या, चकल्या झाल्या. पुढच्या घरचा पत्ता मी समजावून दिला, गेट मागच्या बाजूला आहे म्हणून सांगितलं. लिफ्टचा दरवाजा लागला तशी मुलगी म्हणाली, "ही बाबांची नव्हती."

"माहितेय."

"मग सांगितलं का नाहीस त्यांना?"

"काय सांगू? ती कुठली चाल म्हणून सांगू?"

ती कप गोळा करायला लागली. मी विसळत होते, ती पुसत होती. मला कळलंही नाही आणि मी माझी चाल सुरू केली होती. पहिली ओळ, दुसरी ओळ. तिसरीला मी थांबले. मुलीने फडका खाली ठेवला. ती मध्ये काही म्हणेल असं मला क्षणभर वाटलं, पण ती म्हणाली नाही.

मी तिसरी ओळ म्हटली. पूर्ण. मग चौथी सुरू केली आणि लक्षात आलं की माझ्या चालीत ती कशी जाते ते मला आठवत नाहीये. शब्द तोंडात होते. सूर मात्र चर्चच्या चालीत गेले, सरळ आणि टापटीप, आणि तसेच शेवटपर्यंत गेले.

"ही तुझी कोल्हापूरची?" मुलीने विचारलं.

"नाही. ही चर्चची."

तिने हात पुढे केला. मी तिला पुढचा कप दिला.