रत्नागिरीत लाकडी जमिनी घालताना

डॉक्टरांकडे किस्से असतात, वकिलांकडे असतात, एसटीच्या कंडक्टरकडे तर पोतं भरून असतात. लाकडी जमिनी घालणाऱ्या बाईकडे कसले किस्से असणार, असं लोकांना वाटतं. अहो, एकदा रत्नागिरीत लाकडी जमीन घालून बघा! एक धक्का पचतोय न पचतोय तोवर दुसरा दारात उभा असतो.

मी मुंबईत एका इंटिरियरवाल्याकडे बरीच वर्षं काढली. मग आम्ही रत्नागिरीला परत आलो आणि मी वुडन फ्लोअरिंगची कामं घ्यायला लागले. सोबत आबा मेस्त्री. आबा फळ्या बसवतात, मी घासायचं मशीन चालवते, पॉलिश मारते आणि गिऱ्हाइकांशी भांडते. गिऱ्हाइकं बहुतेक बोटीवर नोकरी करणाऱ्यांच्या घरची. नवरा कुठल्यातरी देशात लाकडी जमीन बघतो, घरी फोन करतो, "आपल्याकडे पण अशी पाहिजे!" आणि परत समुद्रात जातो. इकडे घरात राहणारी माणसं आणि मी!

यंदा शिमग्याच्या आधी तर माझी झोपच उडाली होती. जयगडच्या बाजूला एका गावात वैशाली नावाची माझी गिऱ्हाईक आहे. आम्ही घातलेल्या जमिनीपायी तिच्या घरात ग्रामदेवतेची पालखी येणार नाही, अशी वेळ आली होती. त्याचं काय झालं ते सांगतेच. पण आधीची दोन-तीन प्रकरणं ऐका, म्हणजे आमच्या जिवाची काय अवस्था असते ते कळेल.

* * *

पहिलंच काम रत्नागिरीतलं, एका निवृत्त गुरुजींचं. मुलगा बोटीवर, घरात गुरुजी आणि बाई. सागवानी फळ्या बसवल्या, पॉलिश झालं, आम्ही चहा पिऊन निघालो. थोड्या दिवसांनी गुरुजींचा फोन. "जमीन जरा वेडीवाकडी वाटतेय, येऊन बघता का?"

गेले. दार उघडलं आणि तिथेच थिजले. हॉलमध्ये पाणी! उंबऱ्याशी टॉवेल कोंबून आडोसा केलेला, आणि आत पाणी भरून ठेवलेलं. कडेला गुरुजी हातात पाइप घेऊन उभे. फळ्या दोन्ही कडांनी वर वळल्या होत्या, भाजलेल्या पापडासारख्या.

"गुरुजी, हे काय केलंत?" मी अक्षरशः किंचाळले.

गुरुजी शांत. "घर बांधलं तेव्हा स्लॅबला पाणी मारलं, भिंतींना मारलं. नवीन कामाला पाणी नको मारायला?"

आबांनी चप्पल काढून हातात घेतली आणि पाण्यातून पलीकडे गेले. तर गुरुजींनी वर मलाच सुनावलं. "तुम्ही सांगायला विसरलात. ते तर बरं, मी आठवणीने सकाळ-संध्याकाळ मारलं!"

* * *

लाकडी जमिनीला भिंतीच्या कडेने थोडी फट सोडावी लागते. पावसाळ्यात लाकूड फुगतं, त्याला सरकायला जागा हवी. ती फट मागाहून पट्टी मारून झाकतात. हे मी प्रत्येक घरी घसा फोडून सांगते.

पूर्णगडला एक बोटवाले आहेत. घरची मासेमारीची बोट, पिढीजात धंदा. त्यांच्याकडे जमीन बसवली. पट्टीचा माल यायचा होता, म्हणून फट उघडी ठेवून आम्ही परत आलो. जाताना मी बजावलं, "ह्या फटीत काही घालू नका." त्यांनीही "हो हो" केलं. पट्टी मारायला गेलो तेव्हा ते घरी नव्हते आणि दाराला कुलूप. मग दुसरी कामं आली, राहून गेलं.

भर पावसात त्यांचा फोन. "वैनी, जमीन उठली!"

"उठली म्हणजे?"

"म्हणजे उबी राह्यली. मदी डोंगर झालाय!"

जाऊन बघते तर खरंच डोंगर! हॉलच्या मधोमध फळ्या एकमेकींना रेटून वर आल्या होत्या. टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला पलीकडचा सोफा दिसत नव्हता. मी कडेला वाकून पाहिलं आणि माझे डोळे पांढरे झाले. बोटीच्या फळ्यांमध्ये ठोकतात तसा तेलात-राळेत भिजवलेला कापूस त्यांनी चारही बाजूंनी त्या फटीत ठोकून ठोकून बसवला होता. इतका घट्ट की आबांची पटाशी आत जाईना.

"मी सांगितलं होतं ना, फट ठेवायची म्हणून!"

"आवो, फळीला फट ठेवून कदी चालतं काय? मना रातीला झोप लागंना!" मग त्या डोंगरावर हात ठेवून मोठ्या अभिमानाने म्हणाले, "पन वैनी, पानी? एक थेंब आत आला नाय!"

* * *

आता वैशाली. तिचा नवरा बोटीवर इंजिनियर. घरात ती आणि सासू, अनुसयाकाकी. नवऱ्याला जमीन व्हिडिओ कॉलवरच बघायला मिळायची, म्हणून वैशालीची एकच अट होती. "ताई, अशी चमकली पाहिजे की ह्यांना फोनवर माझं तोंड जमिनीत दिसेल."

मी म्हटलं, "मॅट कर. चमक लवकर खराब होते, पाय पण घसरतो." नाही म्हणजे नाही! शेवटी ग्लॉसी पीयू पॉलिश मारलं, आणि खोटं कशाला सांगू, माझ्या हातून एवढं चांगलं काम आजवर झालेलं नाही. खिडकीतली माडाची झावळी जमिनीत हलताना दिसायची.

वैशालीचा जीव त्या जमिनीत अडकला. चप्पल बाहेर, खुर्च्यांना पायमोजे, मी गेले तर मलाही पायमोजे! नवरा मे महिन्यात सुट्टीवर यायचा होता. तोपर्यंत एक ओरखडा उठता कामा नये, अशी तिची प्रतिज्ञा.

आणि अनुसयाकाकींची प्रतिज्ञा वेगळीच. त्या हॉलमध्ये पाऊलच ठेवीनात! स्वयंपाकघरातून पडवीत यायचं तर मागच्या दाराने बाहेर पडायचं, अख्ख्या घराला वळसा घालायचा आणि पुढून यायचं. भर उन्हात! मी थक्क होऊन विचारलं, "काकी, आतून या की!"

"तोंड आरशात बगावं गो बाय," काकी म्हणाल्या, "पायाकाली कशाला बगायचं?"

* * *

त्याआधी, गेल्या मे महिन्यात, गुहागरचं एक जुनं काम पुन्हा घासायला घेतलं होतं. आधीचं पॉलिश काढलं, मशीन फिरवून लाकूड अगदी कोरं केलं. उघडं, गुळगुळीत, गोरंपान. नंतर पावसाचा शिडकावा झाला, हवा दमट झाली, म्हणून पॉलिश थोडं लांबणीवर टाकलं. घरच्या वहिनींना सांगितलं, "जमिनीवर पाणी सांडू नका." त्यांनी वचन पाळलं. पाण्याचा थेंब सांडला नाही.

कोकमं सांडली! म्हणजे सांडली नाहीत, मांडली. आमसुलं करायला रसात बुडवलेली कोकमं अंगणात वाळत होती. आभाळ आलं, तशी वहिनींनी ती सगळी उचलून हॉलमध्ये आणली. कोरी करकरीत जमीन, वर पंखा, आणखी काय पाहिजे? मी दार उघडलं तेव्हा भिंतीपासून भिंतीपर्यंत लालबुंद!

दोनदा मशीन फिरवलं, तरी रंग हटेना. खोल गेलेला. शेवटी वहिनींनी कमरेवर हात ठेवून नीट निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "वाईट नाय दिसत. कोपऱ्यात जरा फिकी राह्यलीय. तितं पन मांडू काय?"

मांडली! मी वरून पॉलिश मारलं, मान खाली घालून गाडीत बसले. पुढच्याच आठवड्यात शेजारणीचा फोन आला. "त्यांच्या घरात मारलात तोच शेड आम्हाला पाहिजे. कॅटलॉगमधला नंबर सांगता?"

* * *

आणि मग ते झालं, ज्याची मला भीती होती.

शिमगा जवळ आला, तशी वैशालीकडे गावकार आले. गावकार म्हणजे पालखीचं सगळं बघणारे गावचे मानकरी. पालखी वैशालीच्या घरी कधी येणार ते सांगायला आले होते. रीतीप्रमाणे अंगणात पाय धुतले, ओल्या पायांनी आत आले, आणि थेट टीव्हीखाली जाऊन पडले! दारातून टीव्हीपर्यंत, झोपलेल्या अवस्थेत!

सुदैवाने लागलं नाही. उठून बसले, डोकं धरलं, जमिनीकडे बघितलं. मग म्हणाले, "मी पडलो तं पडलो. देव पडला तं काय करायचं?"

वैशालीच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांच्याकडची रीत अशी, की पालखीच्या भोयांच्या पायांवर उंबऱ्यावर पाणी घालायचं, मग पालखी आत येते, हॉलमध्ये एक फेरा नाचते आणि बसते. ओल्या पायांचे भोई, खांद्यावर देव, आणि खाली माझं पॉलिश! गावकारांनी सांगून टाकलं. "औंदा पालखी अंगनात घेऊ. घरात नाय."

तुम्हाला वाटेल, त्यात काय एवढं? अहो, सासऱ्यांच्या, त्यांच्या वडलांच्या वेळेपासून ज्या घरात देव आत आला, तो ह्या वर्षी सुनेच्या हौसेपायी दारातून परत जाणार! वाडीभर तेच चालू झालं. वैशालीने रडत फोन केला. मी म्हटलं, "मी मशीन घेऊन येते, चमक घासून मॅट करते, एक दिवसाचं काम."

"नको!" ती ओरडलीच. "ह्यांनी अजून डोळ्यांनी बघितली नाही हो ताई! मशीन नको. काहीतरी वेगळं करा!"

मी वेगळं म्हणून काय करणार? तागाच्या सतरंज्या घेऊन पालखीच्या दिवशी सकाळीच तिच्याकडे पोचले. हॉलभर अंथरल्या. आबा त्यावर पाय ठेवून नाचून बघायला गेले, आणि सतरंजीसकट भिंतीवर आदळले. गावकारांनी बाहेरून ते बघितलं आणि अंगणात पाट मांडायला सांगितला.

* * *

ढोल जवळ आले. सगळी वाडी अंगणात. वैशाली नवं लुगडं नेसून ओटीचं ताट घेऊन दारात उभी, चेहरा पांढराफटक. अनुसयाकाकी पडवीच्या कोपऱ्यात. मला तर कुठे तोंड लपवू असं झालं होतं. जमीन माझ्याच हातची ना!

पालखी अंगणात आली. गावकार पाटाकडे वळले. तेवढ्यात वैशालीने ताट माझ्या हातात दिलं आणि ती खाली उतरली. अंगणाच्या कडेला कंपाउंडच्या कामासाठी वाळूचा ढीग पडला होता. तिने घमेलं उचललं, वाळूने भरलं, डोक्यावर घेतलं, पायऱ्या चढून आत आली. मला वाटलं, उंबऱ्यापाशी टाकतेय.

तिने ते अख्खं घमेलं हॉलच्या मधोमध फेकलं!

माझ्या तोंडून नुसती किंकाळी निघाली. पीयू पॉलिशवर वाळू! ती पुन्हा खाली गेली. दुसरं घमेलं. तिसरं. हाताने पसरत होती, फसाफसा, रडत होती आणि पसरत होती. अंगणातला ढोल थांबला होता.

गावकार पुढे आले. पाय धुऊन त्यांनी एक पाऊल आत टाकलं, वाळूवर दाबून बघितलं, दुसरं टाकलं. मग मागे वळून भोयांना म्हणाले, "चला."

उंबऱ्यावर पाणी घातलं, पालखी आत आली आणि नाचायला लागली. आणि तिच्या मागून सगळी वाडी आत! ढोल दणदणत होते, तरी मला एकच आवाज ऐकू येत होता, पायांखालचा. खर्र, खर्र, खर्र. लाकूड घासायच्या त्या आवाजावर माझं पोट चालतं, मला कळणार नाही होय? आबा माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "वैनी, चाळीस नंबरचा पॉलिशपेपर चाललाय, एकदम खरखरीत."

फेरा पुरा झाला, पालखी बसली. वैशालीने माझ्या हातून ताट घेऊन ओटी भरली, डोकं टेकलं. पण वाडीला चेव आलेला. पोरं अजून नाचतच होती, टाचा घासून घासून.

तेवढ्यात ढोलाच्या वर एक आवाज चढला. हॉलच्या मधोमध, वाळूत, अनवाणी अनुसयाकाकी उभ्या होत्या. हातात केरसुणी, पदर खोचलेला.

"ए मेल्यांनो! पाय उचलून नाचा! माज्या सुनंची जमीन हाय ती!"