बोहनीआधीचा बाजार

साठ सालानंतरच्या त्या वर्षांत मी यवतमाळच्या एका कचेरीत कारकून होतो. महिन्यातून एकदा दारव्ह्याच्या आठवडी बाजारी जायचं आणि दुकानदारांना विचारायचं, पुढचा महिना धंद्याला कसा वाटतो? बरा, तसाच की वाईट? उत्तरं नागपूरला जात, तिथून आणखी वर. देशभरच्या व्यापाऱ्यांचा भरोसा कुठं चढला, कुठं उतरला, ते म्हणे त्यातून कळे. दारव्ह्याचा भरोसा फार उड्या मारी. कापूस तोच, गिऱ्हाईक तेच, आणि एका महिन्यात सगळे खूश, दुसऱ्यात सगळे सुतकात. मला काही उमगत नसे. मी आपला लिहून पाठवी.

बाजाराच्या तोंडाशी लिंबाखाली माझा एक मुसलमान मित्र सायकली दुरुस्त करी. एका वर्षी समोरचा पक्का गाळा रिकामा झाला. मालकानं त्याला पुढच्या महिन्यातल्या माझ्या फेरीच्या बाजारापर्यंत मुदत दिली.

"भाऊ, तू साऱ्या बाजाराची नाडी पाह्यतं," तो म्हणाला. "सांग, घेऊ का नको?"

त्या सकाळी मी ऐकलेलं सगळं वाईटच होतं. "थांब," म्हणालो. "बाजार खाली चालून राह्यला."

"तू म्हणतं तं थांबतो."

पुढच्या खेपेला आमची छोटी रेल्वे वाटेतच रखडली. मी पोचलो तो दुपार झाली होती. मागच्या वेळी तोंड फिरवणाऱ्या कापडवाल्यानं पान पुढं केलं. "लिहा बाबू, पुढचा महिना झकास!"

"मागं तर वाईट म्हणालात?"

"तवा बोहनी कुठं झालती? पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी चांगलं बोलून नजर लावून घेऊ काय? तुम्हीच सकाळी सकाळी येता!"

मी उन्हात उभाच राहिलो. म्हणजे गाडी वेळेवर आली की मंदी, उशिरा आली की तेजी. इतके महिने मी देशाचा भरोसा कळवत होतो की गाडीचं वेळापत्रक?

मुदत त्याच संध्याकाळपर्यंत होती. लिंबाखाली मित्र घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे पाहत होता. दोन वाक्यं बोलायची होती. पण ती बोललो असतो तर माझी सगळी हुशारी त्या घमेल्यात बुडाली असती. चहा पिऊन मी स्टेशनवर गेलो.

गाळा एका भांडेवाल्यानं घेतला, आणि वर्षभरात तो बुडाला. मी मनात हुश्श केलं, त्याची लाज आजही वाटते. मग तिथं दुसरा आला, त्यानं माडी चढवली. मी मित्राला वाचवलं की बुडवलं? कोणाला विचारू? आणि भांडेवाला कशानं बुडाला, हे तरी मला कुठं ठाऊक आहे?

परवा मित्राला सांगायचंच ठरवून गेलो. केस पिकलेत त्याचे, लिंब तोच. म्हणालो, "तुले एक सांगायचं राह्यलं. त्या गाळ्याचं—"

त्यानं पान्यासकट हात वर केला. "आता नको, भाऊ. बोहनी नाही झाली अजून. बस जरा."

बसलो. रस्त्यावरून सायकली जात होत्या, सगळ्या धड. एखादी पंक्चर व्हावी असं वाटत होतं, आणि होऊ नये असंही.