दरीतलं धुकं आणि एक भौगोलिक कारण

आईने साताऱ्याजवळच्या एका शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवला. हिमरेषा, हिमनदी, हिमवर्षाव, सगळं फळ्यावर खडूने काढलं. प्रत्यक्षात बर्फ पाहिला तो फक्त उसाच्या रसात. दोन वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार झाला. सरळ बघितलं की मधोमध एक डाग येतो, कडेचं मात्र दिसतं. इंजेक्शनं चालू आहेत. आहे तेवढी नजर टिकेल असं डॉक्टर म्हणतात, पण खात्री देत नाहीत.

त्या फेब्रुवारीत ती माझ्याकडे इंग्लंडात, ब्रॅकनेलला आली आणि पहिल्याच दिवशी म्हणाली, "राजवाडे वगैरे राहू देत. मला एकदा डोंगरावरचा बर्फ बघायचाय. पुढच्या वर्षी दिसेल की नाही, कुणास ठाऊक."

माझा स्वभाव असा की कुणी हळवं बोललं की मी कामाला लागते. स्कॉटलंडच्या एका स्की रिसॉर्टजवळ तीन दिवसांसाठी खोली घेतली. फोनवर तीन वेदर ॲप्स टाकली. ऑफिसात मी लोकांची प्रोजेक्ट्स वेळेवर पोचवते, एक डोंगर काय चीज आहे!

पहिल्या दिवशी तिन्ही ॲप्सवर सूर्य होता. आईला थर्मल, दोन स्वेटर, माझं जॅकेट आणि तिची लाडकी माकडटोपी असं सगळं चढवून मी निघाले. पोचलो तर खरंच लख्ख ऊन, आणि रोपवे बंद. माझं डोकंच फिरलं. तिकीट खिडकीत लाल दाढीचा एक माणूस शांतपणे चहा पीत होता. मी त्याच्यासमोर फोन नाचवला.

"हा फोरकास्ट खालच्या गावाचा आहे," तो म्हणाला. "डोंगराचा वेगळा असतो. थंडी किती ते सोडा, वर वारा किती ते बघा. वाऱ्यापुढे आमचं काही चालत नाही."

म्हणजे मी तिन्ही ॲप्समध्ये गावाचं नाव टाकलं होतं आणि बघायचा होता डोंगर. आई टोपीच्या आत हसत होती, ते मला कळलं.

दुसऱ्या दिवशीही वारा. दुपारपर्यंत कॅफेत बसलो. आईने पिशवीतून भडंगाचा डबा काढला आणि जेवायच्या सुट्टीत तिथे आलेल्या त्या लाल दाढीवाल्याला बोलावून घेतलं. त्याने मूठभर खाल्लं, डोळ्यांत पाणी आलं, तरी परत हात पुढे केला. मग माझी दुभाषी म्हणून नेमणूक झाली. बर्फ सगळीकडे सारखा का नसतो? वारा एका उतारावरचा उचलून दुसऱ्या उतारावर नेऊन टाकतो. सकाळी स्कीवाले कुरकुरतात ते का? रात्रीत तो गोठून काचेसारखा होतो, दुपारी मऊ पडतो. आई प्रत्येक उत्तराला मान डोलवत होती, वर्गातला हुशार विद्यार्थी सापडल्यासारखी. मी मात्र मनातल्या मनात दिवस मोजत होते. उरला होता एकच. बुधवारी तिचं परतीचं विमान होतं.

त्या संध्याकाळी वारा पडला. आई खोलीच्या खिडकीशी उभी होती.

"चांदण्या दिसतात का गं?"

"दिसतात."

"सगळ्या? ढग नाही कुठे?"

"नाही गं बाई, झोप आता."

सकाळी पडदा सरकवला तर बाहेर काहीच नव्हतं. समोरची गाडीसुद्धा धुक्यात गडप. रिसॉर्टच्या पायथ्याचा वेबकॅम उघडला, तोही पांढराफटक. मी फोन गादीवर आपटला.

"संपलं. वर काय दिसणार? कप्पाळ!"

आई बूट चढवत होती. "वारा आहे?"

"नाही."

"रात्री आकाश मोकळं होतं. वारा नाही. थंड हवा जड असते, ती रात्री उतारावरून दरीत येऊन बसते. मग खाली धुकं आणि वर काय?"

नववीत हाच प्रश्न आला होता, भौगोलिक कारणे द्या. मी 'उंचावर नेहमीच जास्त थंडी असते' असं ठोकून दिलं होतं. त्या 'नेहमीच'खाली आईने लाल रेघ मारून भोपळा दिला होता आणि घरी येऊन त्याच हाताने वरणभात वाढला होता.

"तापमानाची विपरीतता. खाली थंडी, वर ऊब," मी पुटपुटले.

"चल मग. पुस्तकात तरी असं आहे. खरंच असतं का, ते बघू."

रोपवे सुरू होता. गाडीतून उतरताना मी तापमान बघून ठेवलं, उणे पाच. काचेच्या डब्यात आम्ही दोघीच. बाहेर नुसतं पांढरं. एक खांब गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. आईने माझा हात धरला.

"बहुतेक चुकलं माझं," ती हळूच म्हणाली. इतक्या बारीक आवाजात ती कधी बोलत नाही. मला तिच्यापेक्षा त्या धुक्याचाच राग आला.

आणि पुढच्या खांबाशी डबा उन्हात निघाला.

खाली दरीभर ढग पसरला होता, कापूस पिंजून ठेवल्यासारखा, आणि त्याच्यावर डोंगरांची डोकी. वरच्या स्टेशनच्या फळ्यावर तापमान होतं अधिक दोन. मी ते मोठ्याने वाचलं, दोनदा वाचलं, आणि मला रडू फुटलं. आईने टोपी काढली आणि चेहरा उन्हात धरला.

मग तिने बर्फाकडे बघितलं. सरळ नाही, सरळ बघून तिला दिसत नाही. मान बाजूला वळवून, तिरकी होऊन, कितीतरी वेळ. मी विचारायलाच घाबरत होते.

"दिसतोय का?"

"दिसतोय. पण अगं, तो सावलीतला बघ. निळा आहे."

मी बघितलं. सावलीतला बर्फ खरंच निळा होता. तीन दिवस ॲप्सकडे बघण्यात तो मला एकदाही दिसला नव्हता.

"चौतीस वर्षं मी पांढरा शिकवला," आई म्हणाली. तिच्या आवाजात वाईट वाटल्याचं काही नव्हतं, उलट नवा धडा हाती आल्याचा उत्साह होता. "आता कुणाला सांगू?"

"मला सांग," मी म्हटलं.

तिने वाकून मूठभर बर्फ उचलला, माझ्या तळहातावर ठेवला आणि शिकवायला सुरुवात केली.