उकळत्या चहाची ओंजळ

चहा उकळता होता. काकूंनी तो किटलीतून सरळ माझ्या बापाच्या ओंजळीत ओतला.

आबा ओरडला नाही. ओंजळही सुटली नाही. बोटांच्या फटीतून चहा कोपरापर्यंत ओघळला. उरलेला त्यानं ओंजळीला तोंड लावून पिऊन टाकला आणि वर म्हणाला, "जोहार, मायबाप." समोर खुर्चीवर साहेब बसला होता, हातात चिवड्याची बशी. धर्मशाळेच्या ओट्यावर गावातले वीस-पंचवीस म्हातारे सतरंजीवर बसलेले, प्रत्येकाच्या हातात कप. त्यातला एक जण खुदकन हसला. मी पायरीखाली, चपलांच्या ढिगाजवळ उभी.

आता हे झालं कसं ते मुळापासून सांगते. नाहीतर म्हणतील, बाई कांगावा करते.

आमचं गाव पवनेच्या काठाला. पिंपरीच्या माळावर तेव्हा कारखान्याचं बांधकाम निघालं होतं, तिथं मी खडी वाहायला जायची. नवऱ्यानं टाकलेली, म्हणून बापापाशी राहायची. आबा जन्मभर गावचा येसकर. वेस राखायची, दवंडी द्यायची, मेलेलं ढोर ओढायचं, कुणाचा सांगावा घेऊन पार आळंदीपर्यंत पायी पळायचं. तहान लागली की कुणाच्या तरी दारासमोर खाली बसून ओंजळ करायची. घरातलं माणूस वरून पाणी ओतणार, अंतर राखून. पन्नास वर्षं असंच. समोर कुणी भांडं घेऊन आलं की आबाचे हात आपोआप जुळायचे.

साठीनंतर त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरला. आधी त्याला लांबचं दिसेना, मग दिवा दिसेना, मग मी दिसेना. "बाय, हायेस का गं?" म्हणून हवेत चाचपायचा. मी समोरच बसलेली असायची. जीव तुटायचा माझा.

आणि गावात वृद्धसेवा मंडळ निघालं होतं बरं का! दर गुरुवारी धर्मशाळेत म्हाताऱ्यांना चहा, गुडघ्यांना चोळायला तेल, पोथी वाचून दाखवायला एक जण. थंडीत कांबळी. ज्याचे डोळे गेले त्याला पुण्यातल्या मोठ्या डॉक्टरच्या नावानं चिठ्ठी. चिठ्ठी असली की ऑपरेशन त्याच आठवड्यात, फुकट. फक्त आमच्या महारवाड्यातल्या म्हाताऱ्यांना त्या ओट्यावर पाय ठेवायची सोय नव्हती. आमच्या म्हाताऱ्यांना थंडी वाजत नाही, गुडघे दुखत नाहीत. दगडाचे ना ते!

पण शिवाशिव बंद केल्याचा कायदा झाला होता आणि मंडळाला सरकारची मदत हवी होती. साहेब पाहणीला येणार होता. त्याला दाखवायला आमच्यातला एक म्हातारा खुर्चीवर बसलेला, कपातून चहा पिताना लागणार होता. म्हणून मंडळाचे चिटणीस, गाव त्यांना तात्या म्हणायचं, एक दिवस आमच्या वस्तीच्या कडेला येऊन उभे राहिले.

"ए पोरी, तुझ्या बापाला पाठव. साहेबासमोर नीट वागला तर चिठ्ठी त्याची."

मी हरखून गेले. खोटं कशाला बोलू? तात्यांच्या पाया पडले. लांबनंच.

मग आबाची तालीम सुरू झाली. चार दिवस, धर्मशाळेच्या मागच्या उकिरड्याजवळ. खुर्ची द्यायची नव्हती, म्हणून पालथ्या घमेल्यावर बसवला. कप मागितला तर तात्यांच्या बायकोनं, काकूंनी, नारळाची करवंटी फेकली. म्हणाल्या, "कप एकदाच बाटवायचाय, रोज रोज कशाला?" आबा करवंटी दोन बोटांत धरून फुर्र करायचा. "जमलं का जी?" विचारायचा. पोरासारखा खूश होता. घरी आल्यावर मला म्हणाला, "डोळं आलं की आदी तुजं तोंड बघीन बाय. तू म्हातारी झालीस का काय ते तरी कळंल."

आणि त्या दिवशी त्याला खरोखरच्या खुर्चीवर बसवलं. उभ्या जन्मात कधी बसला नव्हता. पाय अधांतरी लटकल्यासारखे हलवत होता. कप शेजारच्या स्टुलावर ठेवला होता. तो आबाला दिसणार कसा? कुणी हातात दिला नाही. हाताला हात लागला असता ना! काकू किटली घेऊन पुढं आल्या. आबानं बांगड्या ऐकल्या, किटलीचं झाकण खडखडलेलं ऐकलं. तालीम गेली उडत. तो खुर्चीवरून घसरला, जमिनीवर उकिडवा बसला आणि त्यानं ओंजळ पुढं केली.

काकूंनी ओतलं. त्या थांबल्या नाहीत, विचारात पडल्या नाहीत. त्यांनाही तीच सवय. समोर ओंजळ आली की वरून ओतायचं. आत पाणी आहे की उकळता चहा, हा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही.

साहेबानं बशीतून मान वर केली. "हे काय चाललंय?"

तात्या लगबगीनं म्हणाले, "जुनी माणसं साहेब. त्यांना असंच आवडतं. आम्ही कप दिला होता, तो काय."

साहेबानं स्टुलावरचा रिकामा कप बघितला. घड्याळ बघितलं. वहीत दोन ओळी लिहून जीपमध्ये बसून गेला.

जीप नजरेआड झाली आणि तात्यांचा चेहरा बदलला. आबाच्या तळहातांवर तोवर फोड टरारून आले होते. तो ते फुंकत जमिनीवरच बसला होता.

"हरामखोर म्हाताऱ्या, सगळ्या कार्यक्रमाची माती केलीस. चिठ्ठी पाहिजे ना? मग नाक घास इथं. सगळ्यांसमोर. आणि पोरी, तू शेण आण. खुर्ची धुवायची आहे."

आबा लगेच वाकला. हात टेकवेनात, म्हणून कोपरांवर वाकला. त्याला ओटा कुठं आणि पायरी कुठं तेही कळेना. नाकानं जमीन शोधत होता माझा बाप. ओट्यावरचे म्हातारे बघत होते. त्याच्याच वयाचे. त्यातल्या कितीकांच्या घरच्या मयताचे सांगावे आबानं गावोगाव पोचवले होते. एकाच्या तोंडून "राहू दे" एवढं निघालं नाही. मेले कप धरून बसले होते.

मी चपला तुडवत वर चढले. आबाच्या बगलेत हात घातला.

"उठ आबा."

"सोड बाय. डोळं मिळत्यात. नाकाला काय हुतंय?"

"उठ म्हणते ना!"

मी त्याला ओढून उभा केला आणि तात्यांच्या तोंडाकडं सरळ बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, "तुमची खुर्ची तुमी धुवा. न्हाईतर जाळा."

तात्यांनी चिठ्ठी फाडली नाही. खिशातून काढली, आबाचं नाव खोडलं आणि तिथल्या तिथं आपल्या मावशीचं घातलं. ती मावशी समोर बसून पोथी वाचत होती.

घरी येईपर्यंत आबा मला शिव्या घालत होता. फोडांना कोरफड लावू देईना. मी कामावर खाडा करून त्याला पुण्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. चिंचवडच्या ठेसनापर्यंत पाठुंगळी. तिथं नाक्यापर्यंत रांग. महिन्यानंतरचा दिवस मिळाला. त्या महिन्यातच मोतीबिंदू पिकून फुटला. आबा डोकं भिंतीवर आपटायचा, इतकं दुखायचं. पुन्हा नेला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "महिनाभर आधी हवं होतं. आता काही राहिलं नाही."

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. ही म्हण ज्यानं केली तो आमच्या वाड्याकडं कधी फिरकला नसणार.

आबा म्हणाला, "तुजा ताठा ऱ्हायला. माजं डोळं गेलं." ते खोटं नव्हतं. नाक घासलं असतं तर त्याला दिसलं असतं. मी ते घासू दिलं नाही. हे माझ्या छातीवर आहे, ते कुणी उतरवायला येऊ नये.

वर्षानं साहेब पुन्हा येणार म्हणून कळलं. तात्या पुन्हा वस्तीच्या कडेला. या वेळी त्यांना शेजारची शेवंतामावशी हवी होती. तिला नुकतंच धुरकट दिसायला लागलं होतं. मावशी पदर सावरून तयारच झाली. मी आडवी उभी राहिले. बायका माझ्यावर तुटून पडल्या. मावशीची सून म्हणाली, "बापाचं डोळं घालिवलंस, आता माज्या सासूचं घालिवतीस व्हय गं?"

खूप लागलं. पण हलले नाही.

"मावशीला उद्याच मी पुण्याला नेते," मी म्हटलं. "पिकायच्या आधी. रांगेत आठ दिस बसावं लागलं तर आठ दिस बसते. काम गेलं तर जाऊ दे."

आतून आबाचा खोकला ऐकू येत होता.

मग तात्यांकडं वळले. ते धोतराचा सोगा धरून लांब उभे होते.

"ह्या वस्तीतनं तुमाला मानूस मिळायचं न्हाई, तात्या. खुर्ची मोकळीच ठिवा. साहेबानं इचारलं, महारवाड्यातलं कोन न्हाई आलं का, तर तुमी काय बी सांगू नगा. मी येनार हाय. न बोलावता येनार. वर वट्यावर चढून, समद्यांच्या म्होरं, माज्या बापाचं डोळं कसं गेलं ते मी सांगनार हाय."