शाळेतली बुजलेली विहीर

ऐंशीच्या दशकात आमच्या नागपूरच्या कार्यालयात एक रडार आलं होतं. आकाशातली विमानं शोधणारं नव्हे, जमिनीच्या पोटात बघणारं. ट्रंकेएवढी पेटी दोरीने जमिनीवरून ओढायची. ती खाली लहरी सोडायची, आणि दगडावर किंवा पोकळीवर आपटून त्या परत आल्या की जीपमधल्या यंत्रातून काळ्या रेघांचा कागद सरकत बाहेर यायचा. कागद जळल्यासारखा वास सगळ्या जीपभर पसरायचा. मी तिथे कनिष्ठ तांत्रिक सहायक होते. यंत्राबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक प्रताप नगरच्या घरी नेऊन पूर्ण वाचणारी बहुधा मी एकटीच.

त्या उन्हाळ्यात उमरेडजवळच्या एका गावातल्या शाळेचं काम आलं. आवारात नव्या खोल्या बांधायच्या होत्या, पण तिथे कुठेतरी फार पूर्वी बुजवलेली विहीर होती. ती पायाखाली आली तर भिंती खचल्या असत्या. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं तर प्रत्येकजण वेगळी जागा दाखवायचा.

यंत्राने लहर कधी सोडायची हे आधी ठरवावं लागे. त्याला ट्रिगर म्हणत. एक रीत वेळेची: यंत्र ठरावीक वेळाने आपोआप लहर सोडत राहणार, माणसाने फक्त पेटी ओढत चालायचं. दुसरी रीत बटणाची: पेटी एका जागी थांबवायची, बटण दाबायचं, मग पुढे. वेळेच्या रीतीत काम झपाट्याने होई, पण ओढणारा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच चालीने चालला तरच कागदावरची जागा जमिनीवरच्या जागेशी जुळे. तो हळू चालला की तेवढाच तुकडा कागदावर लांब होऊन येई.

हे मला ठाऊक होतं. कामावर बरोबर आलेल्या आमच्या साहेबांना मी म्हटलंही, "सर, बटणावर घेऊ या का?"

"दोन दिवस जातील. वेळेवर ठेवा, दुपारपर्यंत आटपेल."

मी मान हलवली. बाईला फिल्डवर पाठवायचं की नाही यावर कार्यालयात बरेच महिने खल झाला होता. पहिल्याच मोठ्या कामात वाद घालणारी म्हणून माझं नाव व्हावं असं मला वाटत नव्हतं.

पेटी ओढायला आमच्याच कार्यालयातले एक हंगामी मजूर होते. उमरेडच्या विणकर घरातले, पन्नाशीचे. घरचा माग बंद पडल्यावर इकडे लागलेले. सगळे त्यांना भाऊ म्हणत. त्यांनी शेजारशेजारच्या सहा ओळी ओढल्या. त्यातल्या लागोपाठ तीन ओळींत कागदावर एकाच ठिकाणी कमानीसारखा उंचवटा आला. साहेब खूश झाले. आम्ही मोजून खुंटी ठोकली.

दुसऱ्या दिवशी गावातल्या चौघांनी तिथे पुरुषभर खोल खणलं. मुरूम लागला, मग काळी माती, मग पुन्हा काळी माती. विहिरीचा पत्ता नव्हता. शाळेच्या गुरुजींनी धोतराचा सोगा झटकला आणि वऱ्हांड्यात जाऊन बसले. साहेब जीपकडे निघून गेले. मी खड्ड्याच्या काठावर कागद उलगडून उभी होते. भाऊ जवळ आले.

"बाई, तुमचा कागद खोटा नसंल. चाल माही खोटी होती."

"म्हणजे?"

"पहिल्या अर्ध्यात गिट्टी पडली हाय ना. चप्पल तुटली होती, पाय भाजून राहिले होते. तिथं मी हळूहळू चाललो. पुढं गवत लागलं तवा भरभर गेलो. साहाई खेपा तसंच."

"मग सांगितलं काहून नाही भाऊ?" माझ्याही तोंडून त्यांचीच बोली निघाली.

"मले कोणी इचारलंच नाही."

मला तर पुस्तकाने सांगितलं होतं, तरी मीही एकदाच विचारून गप्प बसले होते. त्यांच्यावर रागवायचा मला काही अधिकार नव्हता.

मी साहेबांकडे गेले आणि या वेळी आवाज खाली न आणता सांगितलं की सगळं पुन्हा घ्यावं लागेल, बटणावर. त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला. मग म्हणाले, "अंतर किती ठेवाल?"

"वीतभर. त्याहून जास्त ठेवलं तर विहिरीची कड निसटेल."

भाऊंनी दोरीला वीत-वीत अंतरावर गाठी मारल्या. इतक्या सारख्या की मी फूटपट्टी लावून पाहिली आणि परत ठेवून दिली. त्यांच्यासाठी गावातून चपलांचा जोड मागवला. ते प्रत्येक गाठीवर पेटी थांबवून "हं" म्हणत, मी बटण दाबे. दोन दिवस आमच्यात त्या "हं"शिवाय फारसं बोलणं झालं नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी उंचवटा परत दिसला, पण खुंटीच्या बऱ्याच अलीकडे, गिट्टी संपते तिथे.

खणल्यावर हातभर खाली घडीव दगडांची गोल कड लागली. गुरुजी खाली उतरले, एका दगडावरची माती हाताने पुसली आणि म्हणाले, "माझ्या आईनं इथलं पाणी भरलंय." नव्या खोल्यांची जागा त्यांनी पूर्वेकडे सरकवली.

अहवाल मी लिहिला. पहिल्या रिकाम्या खड्ड्याचं त्यात काय लिहायचं, असं साहेबांना विचारलं.

"लिहा. वेळेच्या रीतीने घ्यायला मी सांगितलं, तेही लिहा."

मी ते लिहिलं. त्याखाली, मला आधीपासून शंका होती आणि मी ती नीट मांडली नाही, हेही एका ओळीत लिहिलं. साहेबांनी ती ओळ वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि काही न खोडता सही केली.