बत्तिसावं बटण

साऱ्या पुण्यात भीती इतक्या निष्ठेनं कोणी जोपासली असेल, तर ती एकट्या माझ्या नणंदेनं. गंमत अशी, की मोबाइलच्या पडद्यावरची बटणं आखण्याची नोकरी होती, तेव्हा त्या कशालाच भीत नसत. शुक्रवारी चुकलेलं सोमवारी दुरुस्त होई. चूक पाटीवरच्या अक्षरासारखी पुसली जाई. मग एका दुपारी, नजर अधू झालेल्या सासूबाईंकडून गॅसचं बटण अर्धवटच बंद झालं. वन्सं दारात आल्या आणि तो कुजकट वास त्यांच्या अंगावर आला. खिडक्या उघडल्या, अनर्थ टळला. वास मात्र त्यांच्या नाकात वस्तीला राहिला. महिन्याभरात नोकरी सोडून त्या हाताला कळेल असं बटण घडवायला बसल्या.

तेव्हापासून आमच्याकडे पाहुण्यांना चहा मागाहून मिळतो. आधी डोळे मिटून शेगडीवरचं लाकडी बटण फिरवायचं. कसबा पेठेतल्या कातार्‍याकडून कातून आणलेलं, शिसवीच्या भुशाचा गंध अजून अंगावर असलेलं, पोटाशी क्रमांक लिहिलेलं. कोरड्या हातानं झालं, की ओल्या, मग तेलकट, मग कणकेनं माखलेल्या. "बंद झालं हे कशावरून कळलं?" वन्सं विचारतात. माझे यजमान एकदा "अंदाजानं" म्हणाले. "अंदाजानंच घरं पेटतात," बहिणीनं सुनावलं. लिफ्टमध्ये शिरल्या, की बोटाला काय जाणवलं ते त्या वहीत टिपून घेतात. तोवर मजला निघून गेलेला असतो.

एकतिसावं बटण पसंत पडलं, तेव्हा बटणं ओतायचा पोलादी साचा करायला द्यायचा म्हणून त्या मला धायरीच्या कारखान्यात घेऊन गेल्या. तिथं तेलाचा जड वास होता, पायाखाली पोलादाची चकाकती वेटोळी.

"काका, नंतर थोडं बदलता येईल ना?" वन्संनी साचा कापणाऱ्या कारागिराला विचारलं.

"ताई, हे पोलाद आहे. कापलं की कापलं." मग लाकडी बटण चाचपत काकांनी विचारलं, "कोणासाठी केलंत?"

"आईसाठी."

"त्यांचा हात लागलाय याला?"

इतक्या हातांत तोच एक हात नव्हता. परतताना रिक्षात त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "अगं, तिलाच नाही कळलं तर?"

घरी सासूबाईंनी बटण फिरवलं. पुन्हा फिरवलं. "खटका ऐकू येतो गं. बोटांना काही कळत नाही." वन्संनी बटण हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. तशा सासूबाई म्हणाल्या, "मला विचारायला एकतीस बटणं लागली होय तुला?"

त्या संध्याकाळी वन्संनी कणकेच्या गोळ्यात आईचा अंगठा रुतवला. तेवढीच खोल खाच बत्तिसाव्या बटणाला पडली. बंद झालं, की अंगठा तिच्यात अलगद जाऊन बसतो. सासूबाई म्हणाल्या, "हं. कळलं."

आज धायरीत पोलाद कापलं जातंय. मलाही धास्ती वाटते आहे. वन्संना मी ते सांगितलेलं नाही. त्या ओट्यापाशी बसल्या आहेत, आईचा सुरकुतलेला अंगठा हातात धरून. मोजमाप तर केव्हाच झालं आहे.